पन्नाशीचा मुलगा, ऐंशीचा बाप

प्रस्तावना

चाळिशी-पन्नाशीचा माणूस. नोकरीत बढतीच्या यादीतून गळालेला, नाहीतर धंद्यात बसलेला. बायकोशी बोलणं लाइटबिल आणि मुलांची फी यांपुरतं उरलेलं. आणि या वयातही एक कान आतल्या खोलीकडे लागलेला, की म्हातारा आज तरी आपल्याबद्दल काही बरं बोलेल. अशा माणसांवरच्या सिनेमांविषयीचे लेख या संग्रहात आहेत. समीक्षेच्या पुस्तकांत या सिनेमांना वेगळा कप्पा नाही. कौटुंबिक नाट्य म्हणून त्यांची बोळवण होते, आणि त्याच नावाखाली लग्नाचे, सासवासुनांचे, वाटण्यांचे सिनेमेही येतात. त्यामुळे ओझू, सत्यजित राय, अलेक्झांडर पेन आणि चैतन्य ताम्हाणे एकाच दुखण्याकडे बघत होते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे दुखणं आजचं का, याचा शोध आधी दवाखान्यात आणि मग पेन्शनच्या पासबुकात घ्यावा लागतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं; आज ते सत्तरीला पोचलं आहे. जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं. तरी चाळिशी गाठलेल्या मुलाचा बाप हयात असणं ही तेव्हा आजच्याइतकी साधी गोष्ट नव्हती. बाप गेला की मुलगा कर्ता होई. तो कर्तबगार आहे की नाही, हे विचारायला वर कुणी उरत नसे. आता पन्नाशीच्या मुलाचा ऐंशीचा बाप सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो, आणि मुलाची नोकरी गेल्याची बातमी त्याला शेजाऱ्यांच्या आधी कळते. त्यात महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. म्हणजे कित्येक घरांत महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणारा पैसा निवृत्त बापाचा असतो आणि कंत्राटावरचा मुलगा पुढच्या सहामाहीच्या काळजीत. कर्ता कोण, हा प्रश्न अशा घरात रोज जेवणाच्या ताटावर येतो. कुणी तो बोलून दाखवत नाही, एवढंच.

विषयाची आधुनिक सुरुवात कुठे धरायची, याबद्दल या संग्रहातल्या लेखकांतही एकमत नाही. मी ती १० फेब्रुवारी १९४९ ला धरतो. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक एलिया कझान, आणि विली लोमनच्या भूमिकेत ली जे. कॉब. त्याआधीही बाप कोसळत होते, पण ते राजे होते, सरदार होते, निदान घराण्याचे धनी होते. मिलरने बापाच्या हातात नमुन्यांच्या दोन बॅगा दिल्या आणि त्याला हप्त्यांच्या फ्रिजपाशी आणून उभा केला. विली त्रेसष्ट वर्षांचा, थोरला मुलगा बिफ चौतीसचा. सगळे बोलतात ते बिफने बापाला बॉस्टनच्या हॉटेलात परक्या बाईबरोबर पकडलं त्या प्रसंगाबद्दल. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते विलीचं त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाशी, बेनशी चाललेलं बोलणं. विली अगदी लहान असताना त्याचा बाप घर सोडून गेला. म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी तो बेनला विचारत राहतो, की मी मुलांना नीट वाढवतोय ना? शाबासकी मागणाऱ्या मुलाचा बापही कुणाकडे तरी शाबासकीच मागत होता, हे मिलरने पहिल्याच नाटकात नव्हे, पण पहिल्याच तडाख्यात दाखवून दिलं. पुढच्या कित्येक सिनेमांनी तेवढंच पुन्हा शोधून काढलं.

त्या नाटकावर १९५१ मध्ये लास्लो बेनेडेकने सिनेमा केला, १९८५ मध्ये फोल्कर श्लोएनडॉर्फने दूरचित्रवाणीसाठी. दुसऱ्यात विली होता डस्टिन हॉफमन. तोच हॉफमन २०१७ मध्ये नोआ बॉमबाकच्या 'द मेयरोविट्झ स्टोरीज'मध्ये नाव न झालेल्या, पण ताठा न सुटलेल्या शिल्पकार बापाची भूमिका करतो, आणि अ‍ॅडम सँडलरने उभा केलेला त्याचा मुलगा डॅनी संगीतात काही न झालेला, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचा, लंगडत चालणारा असतो. १९५१ च्या विलीपासून या दुसऱ्या हॉफमनपर्यंतच्या काळात अमेरिकन सिनेमाची नजर बापाकडून मुलाकडे वळली. वळणाची खूण म्हणून १९७० चा 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर' बघावा. जीन हॅकमनचा प्राध्यापक मुलगा विधुर आहे, पुन्हा लग्न करून कॅलिफोर्नियाला जायचं म्हणतो, आणि मेल्विन डग्लसचा हेकट म्हातारा त्याला सोडत नाही. शेवटी मिठी नाही. भांडण होतं आणि ते तसंच राहतं. आपल्याकडचा निर्माता हे शेवटचं रीळ परत शूट करायला लावेल.

अलेक्झांडर पेनच्या 'नेब्रास्का'वर (२०१३) या संग्रहात दोन लेख आहेत, आणि ते बरोबरच आहे. लॉटरीछाप पत्र खरं मानून वूडी ग्रँट हा म्हातारा दहा लाख डॉलर आणायला मोंटानातल्या बिलिंग्जहून नेब्रास्कातल्या लिंकनला पायी निघतो. मुलगा डेव्हिड दुकानात स्टिरिओ विकतो, त्याची मैत्रीण नुकतीच सोडून गेली आहे. बाप भ्रमात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी तो बापाला गाडीत घालून नेतो. पैसे अर्थातच नसतात. मग डेव्हिड आपली गाडी देऊन एक ट्रक घेतो, बापाच्या नावावर करतो, आणि जुन्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून बापाला तो चालवू देतो. स्वतः खाली वाकून लपून बसतो, म्हणजे गावाला फक्त बाप दिसावा. इथे बापाने मुलाला काही द्यायचं नसतंच. हरलेला मुलगा हरलेल्या बापाला थोडी अब्रू देतो. वूडी झालेल्या ब्रूस डर्नला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं. पण माझं मत विचाराल तर हा सिनेमा डेव्हिड झालेल्या विल फोर्टेच्या वाकलेल्या पाठीचा आहे.

जपानी वाट निराळी. यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) म्हातारा-म्हातारी ओनोमिचीहून मुलांकडे येतात. डॉक्टर झालेला थोरला शहराच्या कडेच्या वस्तीत बेताची प्रॅक्टिस करतो. बापाची अपेक्षा मोठी होती. ती फसल्याचं तो मुलाला एका शब्दाने सांगत नाही. जुन्या दोस्तांबरोबर दारू पिताना ते बाहेर येतं. म्हातारे आपापल्या मुलांबद्दल खंतावलेले, आणि तिथे मुलगा कुणाचाच हजर नाही. अमेरिकन बाप तोंडावर बोलतो, ओझूचा बाप पाठीमागे, आणि तेही पिऊन. कुठलं जास्त लागतं याचा निवाडा ज्याने त्याने करावा. ओझूचा पहिला बोलपट 'द ओन्ली सन' (१९३६) याच दुखण्याचा होता. तिथे आई पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवते आणि टोकियोला जाऊन बघते, तर तो रात्रशाळेत मास्तर.

बंगालीत सत्यजित राय यांच्या 'महानगर'ला (१९६३) लोक बाईच्या नोकरीचा सिनेमा म्हणून ओळखतात. आहेच तो तसा. पण आरतीचा नवरा सुब्रत मध्येच बँक बुडून बेकार होतो, आणि घरात निवृत्त शिक्षक बाप सुनेने कमावलेल्या पैशाला हात लावत नाही. चष्मा हवा, तर तो जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जातो. कुणी डॉक्टर झालेला, कुणी वकील. त्यांच्यासमोर आपल्या मुलाचं गाऱ्हाणं मांडून गुरुदक्षिणा मागतो. स्वतःचा मुलगा जिवंत असताना परक्यांच्या मुलांत यश शोधणारा हा बाप जागतिक सिनेमातल्या सगळ्यांत क्रूर बापांपैकी एक आहे, आणि तो आवाजही चढवत नाही. 'शाखा प्रशाखा'त (१९९०) राय यांनी हाच पट उलटा केला. तिथे बाप सचोटीचा, मुलगे पैशाने यशस्वी, आणि त्यांचं यश कुठून आलं हे कळल्यावर म्हाताऱ्याजवळ उरतो तो मनाने अधू असलेला मुलगा.

हिंदीबद्दल थोडक्यात. 'शक्ती'तला (१९८२) पोलिस अधिकारी बाप असो की 'कभी खुशी कभी गम'मधला (२००१) श्रीमंत, लोकप्रिय हिंदी सिनेमाने शाबासकी शेवटच्या रिळासाठी राखून ठेवली. ती मरताना मिळते, नाहीतर लग्नघरात. 'उडान'ने (२०१०) तो हिशेब मोडला, पण तिथला मुलगा कोवळा होता. त्याच्यापुढे पळून जायला रस्ता होता. पन्नाशीचा माणूस पळून कुठे जाणार? हिंदीत या वयाचा खरा सिनेमा एकच, 'गांधी, माय फादर' (२००७). हरिलाल गांधींची गोष्ट मराठी प्रेक्षकाला त्याआधीच रंगमंचावरून माहीत होती. दिनकर जोशींच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवींनी 'गांधी विरुद्ध गांधी' लिहिलं होतं. विलायतेला शिकायला जायची संधी बापाने आपल्याला न देता दुसऱ्याला दिली, ही हरिलालची सल. बाप राष्ट्राचा झाला आणि हा जून १९४८ मध्ये मुंबईत गेला, बापाच्या खुनानंतर पाच महिन्यांच्या आत.

आता आपल्या घरात येऊ. मराठी रंगभूमीने ही गोष्ट फार वर्षं म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसून सांगितली. १९७० साली 'नटसम्राट' आलं, त्यानंतर तीन वर्षांत जयवंत दळवींची 'संध्याछाया'. दोन्हीकडे आपण आई-बापांबरोबर रडतो. मुलगा, सून, जावई हे त्यांना दुखवायला रंगमंचावर येतात आणि जातात. अप्पासाहेब बेलवलकरांच्या मुलाला महिन्याच्या शेवटी किती पैसे उरत होते, हे शिरवाडकरांनी सांगितलं नाही, आणि श्रीराम लागूंचा बाप समोर असताना ते विचारायची कुणाला शुद्धही नव्हती. नाटक म्हणून ते थोरच आहे. पण त्याने मराठी मनाला एक सवय लावली: म्हातारा दुःखी दिसला की मुलगा दोषी. 'तू तिथे मी'पासून (१९९८) २०१६ च्या 'नटसम्राट' सिनेमापर्यंत ती सवय सुटलेली दिसत नाही. संपादकांनी 'बागबान'ला (२००३) या संग्रहात जागा दिलेली नाही, त्याला चार ओळींत हिणवून पुढे गेले आहेत. हे मला पटलेलं नाही. ज्या सिनेमाला थिएटरभर लोक डोळे पुसत होते, त्याने त्या रात्री घरी परतलेल्या मुलांचं काय केलं, हा अभ्यासाचाच विषय आहे.

खुर्ची हलवली महेश एलकुंचवारांनी. 'वाडा चिरेबंदी' (१९८५) सुरू होतं तेव्हा बाप मेलेला आहे. तेराव्यासाठी मुंबईहून सुधीर येतो. गावातला थोरला भास्कर वाड्याची पत सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेला, धाकटा चंदू घरातलाच गडी झालेला. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. सगळेच मुलगे मध्यमवयात हरलेले, आणि ज्याच्यासमोर हरल्याची लाज वाटावी तो निघून गेलेला. तरी लाज जात नाही. दहा-बारा वर्षांनी जयंत पवारांचं 'अधांतर' त्याच प्रश्नाला लालबाग-परळच्या चाळीत घेऊन गेलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्या संपाने बापांची नोकरी नेली आणि मुलांची वारसाहक्काने लागायची जागाही नेली. बापासारखा गिरणीत लागला नाही म्हणून मुलगा नालायक, असं म्हणायला गिरणीच उरली नाही. या नाटकावरचा 'लालबाग परळ' (२०१०) हा सिनेमा रक्ताच्या सड्यात मूळ दुःख हरवून बसला, असं माझं स्पष्ट मत आहे. संग्रहातल्या लेखाचं मत वेगळं आहे, ते जरूर वाचावं.

एक बाजूची गोष्ट इथेच सांगतो, कारण या पुस्तकात तिला फार जागा मिळालेली नाही. महर्षी कर्वे शंभरी गाठून भारतरत्न झाले. त्यांचा थोरला मुलगा र. धों. कर्वे संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावून बसला, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवत राहिला, खटले भोगले (एका खटल्यात वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं), आणि १९५३ मध्ये बापाच्या आधी गेला. लौकिकात अपयशी. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) बघताना हा माणूस कुणाच्या सावलीत उभा आहे हे विसरता येत नाही. अपयश कुणी ठरवायचं, आणि किती वर्षांनी, या प्रश्नाला महाराष्ट्रात याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

'व्हेंटिलेटर'मध्ये (२०१६) राजेश मापुसकरांनी हसवत हसवत बरंच काही साधलं. गणपती तोंडावर, काका अतिदक्षता विभागात, आणि दवाखान्याच्या आवारात जमलेला कामेरकरांचा गोतावळा. बापाशी अबोला धरलेले मुलगे तिथे यंत्रावरच्या श्वासाचा हिशेब करत बसतात. त्यात एका मुलाच्या बापाच्या भूमिकेत सतीश आळेकर आहेत. ज्यांनी १९७४ मध्ये 'महानिर्वाण' लिहून मेलेल्या बापाला कीर्तनाला उभं केलं, तेच इथे जिवंत बाप होऊन बसले, याची गंमत दिग्दर्शकाला नक्की ठाऊक असणार.

पण या विषयाचं शिखर, निदान मराठीपुरतं, 'द डिसायपल' (२०२०) हेच. शरद नेरुळकर २००६ च्या मुंबईत चोविशीचा आहे, रागसंगीत शिकतो आहे, स्पर्धेत हरतो. गाण्यात काही करता न आलेल्या बापाने त्याला लहानपणी खेळातून उठवून सुरांपाशी बसवलं होतं. बाप आता नाही. त्याच्या जागी आजारी, कडक गुरुजी आहेत. त्यांच्याही वर माई: गुरूंची गुरू, जिचा आपल्याला ऐकू येतो तो ध्वनिमुद्रित आवाज. शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकलवर जातो आणि कानात माई सांगत असतात की हे शिखर तपश्चर्येशिवाय मिळत नाही. एक बाप मेलेला, दुसरा मरणाच्या वाटेवर, तिसरी फक्त आवाज. शाबासकी देऊ शकेल असं एकही जिवंत, धडधाकट माणूस ताम्हाणेंनी या मुलासाठी ठेवलेलं नाही. मग काळ पुढे सरकतो. पोट सुटलेला, शाळेत शिकवणारा शरद यूट्यूबवर आपल्या गाण्याखालच्या प्रतिक्रिया वाचतो, आणि गाण्याच्या बँडमध्ये जायला निघालेल्या विद्यार्थ्यावर खेकसतो. म्हणजे जी कठोरता त्याने बापाची, गुरूची म्हणून सोसली, तीच त्याच्या तोंडून बाहेर पडते. तो बाप झालाय.

गुरुजी झालेले अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांचे शिष्य, व्यवसायाने केमिकल इंजिनियर. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. ज्यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 'अस्तु'मध्ये स्मृती हरपलेल्या विद्वान बापाची आणि त्याला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली, त्याच 'द डिसायपल'मध्ये न दिसणारा अधिकार होऊन बोलतात. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत जवळजवळ वीस वर्षांनी भारतीय सिनेमा गेला आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. महाराष्ट्रात मात्र तो बहुतेकांनी घरी, नेटफ्लिक्सवर पाहिला, तोही करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यावर जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं तेव्हा बोललं गेलं नाही. या संग्रहातला सगळ्यांत लांब लेख त्याची भरपाई करतो.

आतापर्यंतच्या यादीत एक गोष्ट खटकली असेल. हे सगळं बाप-मुलांचं चाललंय आणि स्वयंपाकघरात कोण आहे? लिंडा लोमन मोजे रफू करते आहे, दुसऱ्या बाईला नवे मोजे गेल्याचं तिला माहीत नाही. पुरुषाच्या अपयशाचा खर्च बायका भरतात, आणि बऱ्याच दिग्दर्शकांना तो खर्च दिसतही नाही. म्हणून मुलीच्या बाजूने लिहिलेले लेख मला या पुस्तकात जास्त ताजे वाटले. मारेन आडेचा 'टोनी एर्डमान' (२०१६) तिथे आहे. त्यातली मुलगी बुखारेस्टमध्ये यशस्वी आहे, आणि अपयशी ठरतो तो तिच्या मागे कृत्रिम दात लावून फिरणारा बाप. 'अस्तु'तली मुलगी इरा आहे. मुलींना शाबासकीची ओढ कमी असते असं नाही. त्यांना लहानपणापासून ती मिळेलच असं कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून त्या मागतानाही सावध असतात, असा त्या लेखांचा सूर आहे. तो वादाचा आहे, आणि वाद व्हावा.

हे पुस्तक सिनेमाचा इतिहास नाही, आणि बापाशी कसं वागावं याचं मार्गदर्शनही नाही. लेखकांत सिनेमाचे अभ्यासक आहेत, नाटकवाले आहेत, नुसते प्रेक्षकही आहेत. त्यामुळे भाषा एकसारखी नाही. काही लेखांत कथानकच जास्त सांगितलं गेलं आहे. दक्षिणेकडच्या भाषांतला सिनेमा जवळजवळ सुटला आहे, ही मोठी उणीव आहे, पुढच्या आवृत्तीत ती भरून काढावी. दलित घरातला बाप आणि शिकून शहरात अडखळलेला मुलगा यांच्याबद्दलही मराठी साहित्यात जेवढं आहे त्याच्या पासंगालाही सिनेमा पुरत नाही, आणि हा दोष पुस्तकाचा नाही. संग्रहाने एक कसोटी मात्र चिकाटीने लावून धरली आहे: शेवटच्या रिळात बाप काय देतो, कुणाला देतो, आणि ते मिळाल्यावर मुलाचं काही बदलतं का. बहुतेक गाजलेले सिनेमे या कसोटीवर नापास होतात, कारण ते बापाच्या एका वाक्याने वीस वर्षांची थकबाकी फेडून टाकतात. घरात तसं होत नाही, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असतं.

लेख क्रमाने वाचायची गरज नाही. 'नेब्रास्का', 'महानगर' आणि 'द डिसायपल' हे तीन सिनेमे तेवढे आधी बघा, आणि मगच त्यांच्यावरचे लेख उघडा. वडील घरात असतील आणि त्यांची तयारी असेल, तर 'महानगर' त्यांच्याबरोबर बघा.